कापसाच्या सदऱ्याला पऱ्हाटीचा हँगर



दिवाळीची खरेदी असो की लग्नाचा बस्ता, नागपूरला गेले की इतवारी, गांधीबाग, महाल, सीताबर्डी अशी एक फेरी होतेच. असाच एकदा मी मुलासाठी सदरा घ्यावयास एका दुकानात गेलो होतो. दुकानदाराने सदरा हँगरवरून काढला, घडी घालून पिशवीत टाकला आणि हँगर मागे भिरकावला. "हँगर का टाकला?" असे मी विचारले. "साहेब, मालाबरोबर येतो, मालाबरोबर जातो. ठेवायला जागा कुठे आहे?" असे उत्तर मिळाले.

मागच्या बोळातून निघालो तेव्हा त्याचे म्हणणे डोळ्यांनीच दिसले. पांढरे, काळे, काचेसारखे पारदर्शक असे प्लॅस्टिकचे हँगर ढिगाने पडले होते. कोणाचा आकडा मोडलेला, कोणाचा खांदा तुटलेला. एक गाय त्या ढिगात तोंड घालून काही खाण्यासारखे मिळते का ते पाहात होती.

हातातला सदरा सुती होता. त्यातला कापूस आपल्याच भागातला असेल किंवा नसेल, पण कोण्या तरी कास्तकाराच्या वावरातला होता एवढे नक्की. सदरा झाडापासून झाला आणि तो ज्यावर लटकला तो हँगर मात्र जमिनीखालच्या खनिज तेलापासून झाला. त्याच दिवसांत आपल्या धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग पडलेले असतात आणि "याचे करायचे काय?" म्हणून आपण शेवटी काडी लावतो. या दोन ढिगांची गाठ घालता येईल का, हा विचार त्या बोळात माझ्या मनात आला. पुढे मी व एका गावातल्या बायांनी मिळून तो करून पाहिला. काय जमले, काय फसले आणि त्यातून काय शिकलो, ते या लेखात सांगणार आहे.

हँगर टाकाऊ का होतो?

आपल्या घरी कपडे वलनीवर किंवा खुंटीवर राहतात. हँगर ही तयार कपड्यांच्या व्यापाराबरोबर आलेली वस्तू. कारखान्यात सदरा इस्त्री होतो तेव्हापासून दुकानात विकला जाईपर्यंत त्याला चुणी पडू नये, एवढेच त्याचे काम. हे काम काही आठवड्यांचे असते. त्यासाठी जी वस्तू वापरतात ती मात्र मातीत शेकडो वर्षे कुजत नाही.

"प्लॅस्टिकच आहे, वितळवून पुन्हा वापरतील," असे कोणी म्हणेल. पण भंगारवाला हँगर घ्यावयास नाखूष असतो. एक तर तो वजनाला हलका आणि जागा फार अडवणारा. दुसरे म्हणजे अंग एका जातीच्या प्लॅस्टिकचे, चिमटे दुसऱ्या जातीचे आणि आकडा लोखंडी. हे सारे वेगवेगळे केल्याशिवाय ते वितळवून उपयोग नाही, आणि वेगळे करण्याची मजुरी मालाच्या किमतीतून निघत नाही. मग तो जातो कचऱ्यात.

कायद्याचे म्हणाल तर महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदाच वापरून टाकण्याच्या काही वस्तू देशभर बंद केल्या. ताटल्या, पेले, चमचे, शीतपेयाच्या नळ्या, फुग्यांच्या काड्या त्या यादीत आल्या. हँगर त्या यादीत नव्हता. म्हणजे दुकानदारावर सक्ती नाही. जो कोणी दुसरा हँगर घेईल तो स्वखुशीनेच घेईल. हे पक्के लक्षात ठेवा, कारण पुढच्या हिशेबाशी याचा संबंध आहे.

आधी पऱ्हाटीचे बोलू

हँगरच्या गोष्टीआधी पऱ्हाटीची गोष्ट सांगणे माझे कर्तव्यच आहे. कपाशीची शेवटची वेचणी झाली की एकरी साधारण एक टन पऱ्हाटी वावरात उभी राहते. बरेच कास्तकार "आणखी दोन वेचण्या निघतील" म्हणून पाणी देऊन फरदड ठेवतात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले ते आपण विसरलेलो नाही. ही अळी उघडलेल्या व न उघडलेल्या बोंडांत, सरकीत, काडीकचऱ्यात सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर येते. फरदड म्हणजे तिला दिलेला बिनभाड्याचा मुक्काम.

आपण पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर किंवा घरामागे जळतनासाठी रचून ठेवतो, तेव्हाही तिच्यावरची कवडी बोंडे तशीच राहतात. वावर मोकळे झाले पण अळी दारात आली. म्हणून शिफारस अशी की, डिसेंबर अखेर, फार तर जानेवारीत पीक संपवावे, शेवटी शेळ्या-मेंढ्या चारून घ्याव्यात, पऱ्हाटी मुळासकट काढावी व ढीग न रचता तिची विल्हेवाट लावावी. जाळणे ही विल्हेवाट नव्हे. जाळल्याने जमिनीत जावयाचा सेंद्रिय भाग धूर होऊन निघून जातो आणि बांधावरची झाडे होरपळतात ती वेगळीच.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रोटाव्हेटर किंवा श्रेडरने बारीक करून जमिनीत मिसळणे वा कंपोस्ट करणे. ज्यांच्या घरी चूल आहे त्यांनी जळतनापुरती पऱ्हाटी बोंडे झोडून, तुकडे करून ठेवावी. बाकीची विकता आली तर उत्तम. गेल्या काही वर्षांत पऱ्हाटीच्या कांडीकोळशाची व गोळ्यांची मागणी वाढली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने कोळशावरच्या वीजकेंद्रांत शेतातील काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळण्याचे सुधारित धोरण जाहीर केले, त्यानेही या धंद्याला हात दिला. मोठा माल तिकडे जावा हेच बरे. हँगरसाठी लागेल ती त्यातली मूठभर. तेव्हा हँगरची पऱ्हाटी म्हणून फरदड ठेवू नका, ढीग रचू नका, अशी माझी आधीच हात जोडून विनंती.

नागपुरातले काम आणि डिंकाचा प्रश्न

पऱ्हाटीपासून फळ्या होतात हे आपल्या भागात तरी नवे नाही. मुंबईच्या माटुंग्याला १९२४ साली कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा निघाली. तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला अमरावती रोडवर वाडी येथे आहे. जिनिंगच्या फिटरांना शिकविणारे केंद्र म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. तेथेच पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचा प्रायोगिक संच आंतरराष्ट्रीय साहाय्यातून उभारण्यात आला.

त्याची रीत थोडक्यात अशी. पऱ्हाटीचे आधी बोटाच्या पेराएवढे तुकडे करावयाचे, मग ते दळून भरडा करावयाचा. चाळणीने जाड व बारीक वेगळे करून वाळवावयाचे. त्यात युरिया फॉर्मल्डिहाइड नावाचा चिकट पदार्थ मिसळून थर लावावयाचे. मध्ये जाड, वर-खाली बारीक. मग तापलेल्या दाबयंत्रात दाबले की लाकडाच्या फळीसारखी फळी निघते. तिची दारे, कपाटे, टेबले होतात. झाड न तोडता फळी मिळते, हा मोठाच लाभ.

माझ्या मनात पहिल्यांदा आले की, याच फळीचे हँगर कापावेत. पण बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकलो होतो, ते आडवे आले. त्या फळीतला डिंक कुजणारा नाही. कपाट वीस वर्षे वापरावयाचे असते, त्याला असा डिंक शोभतो. महिन्याभरात फेकावयाच्या वस्तूला तो शोभत नाही. असा हँगर कंपोस्टच्या खड्ड्यात टाकता येत नाही आणि चुलीत घातला तर डोळे चुरचुरतील असा धूर होतो. नावाला पऱ्हाटीचा, पण मातीत जाईना. मग प्लॅस्टिकपेक्षा फार निराळा काय?

यातून आम्ही एक कसोटी ठरविली. टाकावयाची वस्तू करावयाची असेल तर ती फाडून, भिजवून शेणखताच्या खड्ड्यात टाकता आली पाहिजे. जे खड्ड्यात चालणार नाही ते हँगरमध्येही घालावयाचे नाही. टेप नाही, टाचणी नाही, तार नाही, चकचकीत प्लॅस्टिकचा थर असलेला पुठ्ठा नाही.

पहिला प्रयोग आणि माझी चूक

कळमेश्वर तालुक्यातील एका गावात बायांचा बचत गट आहे. वेचणीचा हंगाम संपला की चैत्र-वैशाखात त्यांच्या हाताला काम नसते. मी त्यांच्यापुढे कल्पना मांडली. अंड्यांचा ट्रे सर्वांनी पाहिलेला असतो. रद्दी कागदाचा लगदा जाळीच्या साच्यावर ओढून वाळविला की तो ट्रे होतो. तसाच हँगरचा साचा करू, असे ठरले. सुताराकडून लाकडी साचे केले. नुसत्या रद्दीला ताकद नसते, म्हणून पऱ्हाटीची साल काढली. सालीत लांब धागा असतो. ती चार दिवस भिजविली, धुण्याचा सोडा घालून मोठ्या गंजात शिजविली, धुतली, मुसळाने कांडली आणि लगद्यात मिसळली.

हा उद्योग कोणी करणार असेल तर दोन सूचना. फवारलेल्या पिकाची पऱ्हाटी आधी भरपूर पाण्याने धुवावी, आणि सोड्याच्या पाण्यात उघडे हात घालू नयेत, कातडी सोलून निघते. ते पाणी विहिरीकडे वा नाल्यात सोडू नये.

एप्रिल महिना होता. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते सांगावयास नको. साच्यातून काढलेला हँगर दोन दिवसांत खडखडीत वाळे. बोटाने टिचकी मारली की टणत्कार होई. ओला सदरा टाकून पाहिला, टॉवेल टाकून पाहिला, हँगर जसाचा तसा. मी खूश झालो. बायांनी पाचशे नग केले. शहरातल्या एका व्यापाऱ्याने "पाठवा, पाहू" म्हटले. तोंडीच. चिठ्ठी नाही, आगाऊ रक्कम नाही. जूनच्या शेवटी माल पोचता केला.

जुलैत व्यापाऱ्याचा निरोप आला, "तुमचे हँगर माना टाकून बसलेत." जाऊन पाहिले तर खरेच. चार दिवस झड लागली होती. दुकानातली हवाच ओलसर. लगद्याने ती ओल शोषून घेतली होती आणि सदऱ्याच्या ओझ्याने दोन्ही खांदे खाली लोंबले होते. काहींचे आकडे दांडीवरून निसटून सदरे फरशीवर पडले होते. त्याने सगळा माल परत केला आणि पैसे दिले नाहीत.

चूक व्यापाऱ्याची नव्हती, बायांचीही नव्हती. चूक माझी होती. कोणत्याही बियाण्याची शिफारस करण्यापूर्वी आपण ते खरिपातही पाहतो, रब्बीतही पाहतो. येथे मात्र मी उन्हाळ्यात परीक्षा घेतली आणि पावसाळ्यात माल विकला. ज्या ऋतूत वस्तू वापरली जाणार त्याच ऋतूत ती पारखावी, हे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो आणि स्वतः विसरलो.

त्याहून मोठी चूक पुढे निघाली. तोट्याचा हिशेब करावयास गटाच्या बैठकीत वही उघडली. साचे, सोडा, जळतन, टेम्पो असे सारे मांडले. मी म्हटले, "तोटा तसा फार नाही." तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक वयस्क बाई म्हणाली, "साहेब, सारं लिवलं तुमी. पण आमचा रोज कुठी लिवला?"

वहीत खरेच तो रकाना नव्हता. सात बायांनी दोन आठवडे भिजविले, शिजविले, कांडले, वाळविले. तो वेळ मी फुकट धरला होता. घरच्या बाईच्या कामाला मोल नाही, असे आपण बोलत नाही, पण वहीत तसेच लिहितो. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती सदरे फरशीवर पडलेले पाहूनही वाटली नव्हती. माझ्या परीने काही रक्कम मी गटाला दिली, पण मुद्दा रकमेचा नव्हता. रकान्याचा होता.

दुसरा प्रयोग : फळी उभी ठेवा

लगदा सोडून दिला. आता विचार आकाराचा केला. एक साधी गोष्ट करून पाहा. एक लांब फळी दोन विटांवर आडवी टाका आणि मध्ये दाबा, ती वाकते. तीच फळी उभ्या कडेवर ठेवा आणि दाबा, ती वाकत नाही. फळी तीच, लाकूड तेच, ठेवण्यात फरक. उभी उंची दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, असा गणिताचा नियम आहे. म्हणूनच छपराचे वासे आपण उभे ठेवतो.

हँगरला सर्वांत जास्त ताण कोठे येतो? ओझे दोन्ही टोकांना आणि आधार मध्ये आकड्याला, म्हणून ताण मध्यभागी, आकड्याच्या पायाशी. आमचा पहिला हँगर सगळीकडे सारख्याच जाडीचा होता. माल टोकांना वाया गेला आणि मध्ये कमी पडला. दुसऱ्या वेळी मध्यभाग उंच ठेवला आणि टोकांकडे निमुळता केला.

मालही बदलला. किराणा दुकानात व औषधांच्या दुकानात पन्हळी पुठ्ठ्याचे खोके रद्दीच्या भावात मिळतात. हा पुठ्ठा पन्हळीच्या दिशेने कडक असतो आणि आडव्या दिशेने सहज दुमडतो. म्हणून एक थर आडव्या पन्हळीचा, दुसरा उभ्या पन्हळीचा, असे दोन थर चिकटविले. आडवा थर खांदे सावरतो, उभा थर आकडा सावरतो. आणि दोन थरांच्या मध्ये, खालच्या कडेला, पऱ्हाटीची पेन्सिलीएवढी जाड सरळ काडी घातली. ओलीने पुठ्ठा मऊ पडला तरी काडी मऊ पडत नाही. माणूस वाकला तरी पाठीचा कणा ताठ राहावा, तसे हे.

पऱ्हाटीची सरळ काडी मिळेना तर तुराटी त्याहून सोपी. कपाशीत आपण तुरीच्या ओळी घेतोच. तुराटी हलकी, सरळ आणि एकसारखी असते.

करावयाची रीत

लागणारे सामान : कोरा किंवा फक्त छापील पन्हळी पुठ्ठा, पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या काड्या, चिंचोके, धारदार पाते, पत्र्याचा नमुना.

१. काड्या साल काढून, बोंडे-देठ खुडून घ्याव्यात. कडक उन्हात पत्र्यावर आठ दिवस वाळवाव्यात. कच्ची काडी राहिली तर तिला भुंगा लागतो आणि पिवळी भुकटी कपड्यावर सांडते. अशी काडी दुकानदार एकदाच खपवून घेईल.

२. नमुना पत्र्यावर काढावा. लांबी ४२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन विती. मध्यभागी उंची १० सेंटिमीटर, टोकांना ३. टोके गोल ठेवावीत, टोकदार राहिली तर सदऱ्याच्या खांद्यावर फुगा येतो. लहान मुलांच्या कपड्यांसाठी लांबी ३० सेंटिमीटर पुरते.

३. आकडा वेगळा लावू नये, अंगातूनच कापावा. त्याची पट्टी निदान ३ सेंटिमीटर रुंद असावी आणि तोंड दुकानातल्या दांडीवर सहज बसेल एवढे, म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर असावे. आकड्याच्या आतल्या कोपऱ्यात टोक ठेवू नये, गोलाई द्यावी. फाटणे नेहमी कोपऱ्यापासूनच सुरू होते. आकड्याला पुठ्ठ्याचा तिसरा थर द्यावा.

४. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून त्याचे पीठ करावे. ते थंड पाण्यात कालवून मंद आचेवर शिजविले की चिकट खळ होते. घोंगडीच्या सुताला खळ देण्यास चिंचोके वापरतात, ते याचसाठी. खळ ताजीच वापरावी, दुसऱ्या दिवशी आंबते. मोरचूद घातल्याने ती टिकते हे खरे, पण ते विष आहे. स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ त्याला आणू नये, आणि खड्ड्यातल्या गांडुळांनाही ते मानवत नाही.

५. पहिल्या थराला खळ लावून खालच्या कडेपासून एक बोट वर काडी बसवावी, काडीलाही खळ लावावी. दुसरा थर वर ठेवून फळीखाली, वर दगड ठेवून, रात्रभर दाबून ठेवावे. मग दोन दिवस सावलीत वाळवावे. उन्हात वाळविले तर पीळ पडतो.

ओल लागू नये म्हणून आम्ही जवसाचे तेलही चोळून पाहिले. पाणी ओघळून जाई, पण पांढऱ्या कापडाला पिवळा डाग पडला आणि वासही गेला नाही. म्हणून तो नाद सोडला. जाता जाता सांगतो, जवसाच्या तेलाचे बोळे कधीही ढीग करून ठेवू नका. ते आपोआप तापतात व पेट घेतात. वापरलेला बोळा पाण्यात बुडवून टाकावा.

परीक्षा पावसाळ्यातच

अर्धा-अर्धा किलो वाळूच्या दोन पुरचुंड्या करून दोन्ही टोकांना बांधा. हँगर न्हाणीघरात दोरीवर एक दिवस-रात्र टांगून ठेवा. सुती सदरा पाव किलोच्या आसपास भरतो, तेव्हा ही परीक्षा चौपट ओझ्याची झाली. सकाळी दोन्ही खांदे जेथे होते तेथे असले तर हँगर पास. उन्हाळ्यात करीत असाल तर भोवती ओले पोते टांगा. आमचा दुसरा हँगर श्रावणात या परीक्षेत उतरला. दहांतून एखादा नापास होई, तो बहुधा कच्च्या काडीचा असे.

नापास झालेले सारे आम्ही फाडून, भिजवून गांडूळखताच्या वाफ्यात टाकले. गांडुळांना पन्हळी पुठ्ठा फार आवडतो. पुठ्ठा लवकर संपला. काडी तेवढी रेंगाळली, तीही पुढे मऊ पडून मिसळून गेली. आम्ही ठरविलेल्या कसोटीला हँगर उतरला.

आता रोजाचा रकाना

वस्तू जमली म्हणजे धंदा जमला असे नव्हे. आता वहीत सर्वांत वर रोजाचा रकाना घातला. समजा, गावात बाईचा रोज ३०० रुपये आहे. हाताने कापून, चिकटवून एक बाई दिवसाला ४० हँगर करते. म्हणजे नगामागे साडेसात रुपये नुसती मजुरी. प्लॅस्टिकचा हलका हँगर घाऊक बाजारात याहून स्वस्त मिळतो. येथे कितीही भावनेने बोलले तरी दुकानदार ऐकणार नाही, आणि त्याने ऐकावे म्हणून बाईने रोज सोडावा हे मला मान्य नाही.

मग वाट काय? वेळ कोठे जातो ते घड्याळ लावून पाहिले. निम्म्याहून अधिक वेळ कापण्यात जात होता. खोके करणाऱ्या कारखान्यांत डाय पंचिंगचे यंत्र असते. बिस्किटाच्या साच्यासारखे ते एका दाबात आकार कापून देते. डाय करून पुठ्ठे तेथून कापून आणले आणि बायांकडे काडी बसविणे, चिकटविणे व पारखणे एवढेच ठेवले, तर दिवसाला समजा १५० नग होतात. मजुरी नगामागे दोन रुपयांवर येते. कापण्याचा व गाडीचा खर्च निराळा. तरीही प्लॅस्टिकशी बरोबरी कशीबशीच होते. डाय करण्याचा खर्च मात्र मोठी मागणी हाती असल्याशिवाय करू नये.

दुसरी वाट परदेशात लोकांनी आधी दाखविली आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत लॉंड्रीवाल्यांकडे पुठ्ठ्याचे हँगर आले. त्यांच्या खांद्यावर जाहिरात छापलेली असे आणि हँगरचा खर्च जाहिरातवाला सोसे. आपल्याकडेही सपाट पुठ्ठ्यावर दुकानाचे नाव छापता येते, ते प्लॅस्टिकवर इतके सहज जमत नाही. खादी, हातमाग, सेंद्रिय कापसाचे कपडे विकणारे, शाळेचे गणवेश शिवणारे, शहरातले लॉंड्रीवाले यांच्याकडे आधी जावे. ज्याला आपल्या गिऱ्हाइकाला सांगावयाचे आहे की "हा हँगरही शेतातलाच, खड्ड्यात टाका", तोच दोन रुपये जास्त देईल.

ज्यांना कागद, लगदा, ग्रामोद्योग याविषयी अधिक शिकावयाचे आहे त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत चौकशी करावी. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे काम डॉ. कुमारप्पांनी याच मगनवाडीतून चालविले. पऱ्हाटीच्या मोठ्या उद्योगाविषयी वाडीच्या केंद्रात विचारावे.

शेवटी तीन गोष्टी

आमचा गट आज हँगरवर श्रीमंत झालेला नाही, असे सांगितले तरच मी खरे बोललो असे होईल. वेचणी आटोपल्यावर, मागणीची चिठ्ठी व निम्मी रक्कम आगाऊ हाती आली तरच त्या बाया काम धरतात. कधी शे-दोनशे नग, कधी काहीच नाही. पण परत आलेला माल म्हणून पुन्हा रडावे लागले नाही, आणि वहीत रोजाचा रकाना कायमचा राहिला. आता त्या बाया दाळीच्या पापडांचा, लोणच्याचा हिशेबही तसाच मांडतात. घरच्या पुरुषांनी वावराच्या खर्चात बाईच्या निंदणीचा, वेचणीचा रोज धरावा म्हणून त्या हटून बसतात, हे पाहून मला अधिक बरे वाटते.

तेव्हा वाचकहो, तीन गोष्टी मनात ठेवा. पऱ्हाटी वेळेवर काढा, फरदड ठेवू नका. टाकावयाची वस्तू केलीत तर ती मातीत जाईल अशीच करा. आणि कोणताही जोडधंदा सुरू करताना गिऱ्हाईक आधी, माल नंतर, व सर्वांत वर आपल्या हाताचा रोज.

आणखी एक. आजच्या तुमच्या घरात दुकानातून आलेले चार-दोन प्लॅस्टिकचे हँगर असतील, तर ते फेकू नका. मोडेपर्यंत वापरा. न फेकलेला हँगर हा सर्वांत चांगला हँगर, मग तो कशाचाही असो.